आम आदेश, पक्व आदेश : अपील केव्हा करावे?

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘आमपक्वैषणीय’ हा सतरावा अध्याय आपणा सर्वांस परिचित आहे. शोथ आम आहे, पच्यमान आहे की पक्व, हे ओळखल्याखेरीज शस्त्र उचलू नये, हा त्याचा मथितार्थ. आम शोथ छेदणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, हे दोघेही वैद्य तेथे सारखेच निंद्य ठरविले आहेत. न्यायालयाच्या किंवा शासकीय अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध दाद मागताना हाच विवेक करावा लागतो. आदेश पक्व होण्यापूर्वी दाखल केलेले अपील ‘चालण्यास पात्र नाही’ म्हणून परत येते आणि पक्व आदेशाविरुद्ध वेळेत न केलेले अपील ‘मुदतबाह्य’ म्हणून फेटाळले जाते. दोन्ही वेळी मूळ तक्रार खरी होती की खोटी, याचा विचारही होत नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या वनजिल्ह्यांत हा विषय केवळ वकिलांचा राहिलेला नाही. वनोपजाची गाडी नाक्यावर अडविली जाते, औषधनिर्माणशाळेतील नमुना तपासणीस जातो, रुग्ण ग्राहक आयोगाकडे जातो, दवाखान्याच्या वडिलोपार्जित जागेच्या वाटणीचा दावा उभा राहतो. यांपैकी कोणत्याही प्रकरणात एका दाव्यात दहा-पंधरा आदेश होऊ शकतात. त्यांतील कोणत्या आदेशाविरुद्ध वर जाता येते आणि कोणत्या आदेशावर केवळ हरकत नोंदवून थांबावे लागते, हे न कळल्यास नागपूर खंडपीठाच्या फेऱ्या व्यर्थ जातात. सिरोंचा किंवा भामरागड येथील व्यावसायिकास अशी एकेक फेरी किती महाग पडते, हे सांगावयास नको. प्रस्तुत लेखक वैद्य आहे, विधिज्ञ नव्हे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलांचा सल्ला घ्यावाच, परंतु वकिलांकडे कोणता प्रश्न घेऊन आणि किती लवकर जावे, एवढे तरी आपणांस कळावे, हा या लेखाचा हेतू आहे.

१) अपील हा कायद्याने दिलेला हक्क

दिवाणी दावा लावण्याचा हक्क प्रत्येकास स्वभावतःच असतो. त्यासाठी कायद्याची स्वतंत्र परवानगी लागत नाही. अपिलाचे तसे नाही. ज्या कायद्याखाली आदेश झाला, त्या कायद्याने अपिलाची तरतूद केली असेल तरच अपील. सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई विरुद्ध विजयकुमार (१९७४) या निर्णयात हा भेद स्पष्ट केला आहे. म्हणून आदेश हाती पडताच विचारावयाचा पहिला प्रश्न ‘हा आदेश अन्यायकारक आहे का’ हा नसून ‘हा आदेश कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली झाला आणि त्या कायद्यात पुढे काय लिहिले आहे’ हा असतो.

२) आदेशांचे तीन प्रकार

सोयीसाठी आदेशांचे तीन वर्ग करता येतात. पहिला अंतिम आदेश. यात पक्षकारांचा हक्क वा दायित्व ठरते आणि त्या न्यायालयापुरता वाद संपतो. दुसरा अंतर्वर्ती आदेश, म्हणजे खटल्याच्या ओघात केवळ पुढील पायरीसाठी दिलेला. तारीख वाढवून देणे वा नाकारणे, साक्षीदारास बोलावणे, दस्तऐवज हजर करण्यास सांगणे ही त्याची उदाहरणे. तिसरा वर्ग या दोहोंमधला. आदेशाने खटला संपलेला नसतो, परंतु अर्जदाराचे म्हणणे मान्य झाले असते तर तो तेथेच संपला असता.

या तिसऱ्या वर्गाची ओळख पक्की करणारा महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातीलच आहे. राज्याचे तत्कालीन विधिमंत्री अ. र. अंतुले यांच्याविषयी १९७४ मध्ये केलेल्या विधानांबद्दल मधू लिमये यांच्यावर मुंबईच्या सत्र न्यायालयात अब्रुनुकसानीचा खटला दाखल झाला. हा खटला अशा रीतीने चालविण्याचा न्यायालयास अधिकारच नाही, ही त्यांची हरकत फेटाळली गेली. उच्च न्यायालयाने सांगितले की हा अंतर्वर्ती आदेश असल्याने त्याविरुद्ध पुनरीक्षण चालणार नाही. मधू लिमये विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७७) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते मत अमान्य केले. जी हरकत मान्य झाली असती तर खटला समूळ संपला असता, ती फेटाळणारा आदेश निव्वळ अंतर्वर्ती नव्हे, असे न्यायालयाने ठरविले.

दिवाणी बाजूस मुंबईच्याच शाह बाबूलाल खिमजी विरुद्ध जयाबेन (१९८१) या प्रकरणाने असाच विचार पुढे नेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी रिसीव्हर नेमण्याचा आणि मनाईचा अंतरिम अर्ज फेटाळला होता आणि खंडपीठाने अपील चालणार नाही असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने अपील चालते असा निर्णय दिला. आदेश अंतरिम असला तरी त्याचा पक्षकाराच्या मोलाच्या हक्कावर प्रत्यक्ष आणि तत्काळ परिणाम होतो काय, हे पाहावे, असे त्यातील विवेचन आहे. आदेशाच्या शीर्षकावर त्याचे स्वरूप ठरत नाही, परिणामावर ठरते.

‘अंतरिम’ म्हणजे क्षुल्लक, असाही समज करून घेऊ नये. ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावणारा गोदावर्मन प्रकरणातील १२ डिसेंबर १९९६ चा आदेश अंतरिमच होता. परंतु तेव्हापासून आपल्या जिल्ह्यांतील वनजमिनीचे व्यवहार त्याच्याच छायेत चालले आहेत. अंतरिम आदेश जोपर्यंत बदलत नाही, तोपर्यंत तो पाळावाच लागतो.

३) दिवाणी दाव्यात

दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार हुकूमनाम्याविरुद्ध कलम ९६ खाली पहिले अपील होते. अन्य आदेशांपैकी जे कलम १०४ आणि आदेश ४३ यांच्या यादीत आहेत, तेवढ्यांविरुद्धच अपील करता येते. तूर्तातूर्त मनाई हुकूम देणे वा नाकारणे, एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज फेटाळणे हे आदेश त्या यादीत आहेत. साक्षीपुरावा वा तारखांविषयीचे आदेश नाहीत.

यादीबाहेरच्या आदेशाने अन्याय झाला असेल तर हक्क बुडाला, असे नव्हे. कलम १०५ नुसार त्या आदेशातील चूक पुढे अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात मुद्दा म्हणून मांडता येते. म्हणून अशा वेळी अर्ज आणि हरकत दप्तरी नोंदवून ठेवावी व दावा पुढे चालवावा.

उच्च न्यायालयाकडील पुनरीक्षणाचा मार्ग (कलम ११५) १ जुलै २००२ पासून अरुंद झाला. त्याचा अर्थ नागपूरच्या एका प्रकरणात, शिवशक्ती सहकारी गृहनिर्माण संस्था विरुद्ध स्वराज डेव्हलपर्स (२००३) मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने सांगितला. पुनरीक्षण मागणाऱ्याच्या बाजूने आदेश झाला असता तर दावा अंतिमतः निकाली निघाला असता का? उत्तर ‘होय’ असेल तरच पुनरीक्षण. एक उदाहरण घेऊ. तुमच्या दुकानाविरुद्धचा दावा कायद्यानेच बाधित आहे, म्हणून वादपत्र नाकारावे, असा अर्ज तुम्ही दिला. अर्ज मान्य झाला तर वादपत्र नाकारण्याचा आदेश हुकूमनामाच मानला जातो आणि समोरच्यास नियमित अपील करता येते. अर्ज फेटाळला गेला तर तुम्हांस अपील नाही, मात्र पुनरीक्षण करता येते. अर्ज एकच, परंतु निकाल कोणत्या बाजूने लागला यावर पुढचा मार्ग बदलतो.

सर्वाधिक फसगत होते ती वाटणीच्या दाव्यात. येथे आधी प्राथमिक हुकूमनामा होतो व त्यात प्रत्येकाचा हिस्सा ठरतो. पुढे मोजणी, प्रत्यक्ष वाटप आणि मग अंतिम हुकूमनामा. ‘प्राथमिक’ या शब्दामुळे अनेकांस वाटते की हा आदेश आम आहे, अंतिम हुकूमनामा होईपर्यंत थांबू. परंतु कलम ९७ स्पष्ट आहे. प्राथमिक हुकूमनाम्याविरुद्ध ज्याने अपील केले नाही, त्यास अंतिम हुकूमनाम्याविरुद्धच्या अपिलात त्याची योग्यता पुन्हा काढता येत नाही. हिश्श्याचा प्रश्न प्राथमिक हुकूमनाम्यातच पक्व झालेला असतो.

४) फौजदारी प्रकरणात

आक्षेपार्ह जाहिरातीवरून औषधे व चमत्कारी उपाय अधिनियम, १९५४ खाली किंवा औषधाच्या दर्जावरून औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली खटला होऊ शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ४३८ मध्ये अंतर्वर्ती आदेशाविरुद्ध पुनरीक्षणास पूर्वीप्रमाणेच मनाई आहे आणि मधू लिमये निकालाचे तत्त्व तेथेही उपयोगी पडते. तारीख नाकारली, साक्षीदार पुन्हा बोलावला, यांवर वर जाता येत नाही. ‘इश्यू प्रोसेस’चा, म्हणजे आरोपीस समन्स काढण्याचा आदेश मात्र निव्वळ अंतर्वर्ती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने राजेंद्रकुमार सीताराम पांडे विरुद्ध उत्तम (१९९९) मध्ये म्हटले आहे. त्यावर पुनरीक्षण होते. ‘माझ्यावरील समन्स मागे घ्या’ असा अर्ज त्याच दंडाधिकाऱ्यांकडे करून मात्र उपयोग नाही. दंडाधिकाऱ्यांस तो अधिकार नाही, हे अदालत प्रसाद विरुद्ध रूपलाल जिंदल (२००४) पासून निश्चित आहे.

पुनरीक्षणाची मुदत ९० दिवसांची असते. ते सत्र न्यायालयात करावे की उच्च न्यायालयात, याची निवड एकदाच करता येते. एका ठिकाणी गेल्यावर त्याच व्यक्तीस दुसऱ्या ठिकाणी दुसरे पुनरीक्षण मागता येत नाही. दंडाधिकाऱ्यांनी दोषी ठरविल्यास सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. जेथे अपिलाचा मार्ग आहे तेथे तो सोडून पुनरीक्षण मागणे व्यर्थ होय.

५) औषधनिर्माणशाळेचा परवाना

येथे आदेशाच्या अवस्था ओळखणे विशेष आवश्यक आहे. निरीक्षकाची तपासणी, नमुना घेणे, शासकीय विश्लेषकाचा अहवाल, कारणे दाखवा नोटीस आणि मग परवाना निलंबित वा रद्द करण्याचा आदेश, असा क्रम असतो. यांपैकी अपील केवळ शेवटच्या पायरीवर आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावली, १९४५ मधील नियम १५९ नुसार आयुर्वेदीय औषधनिर्मितीचा परवाना निलंबित वा रद्द करण्यापूर्वी कारणे दाखविण्याची संधी द्यावी लागते, आदेश लेखी व सकारण असावा लागतो आणि आदेश मिळाल्यापासून ३ महिन्यांत राज्य शासनाकडे अपील करता येते.

कारणे दाखवा नोटिशीवर अपील नाही. त्याविरुद्ध रिट याचिका केल्यास तीही सामान्यतः अकाली ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने भारत संघ विरुद्ध कुनिसेट्टी सत्यनारायण (२००६) मध्ये म्हटले आहे. नोटीस म्हणजे केवळ विचारणा. उत्तर समाधानकारक वाटल्यास अधिकारी प्रकरण बंदही करू शकतो. मात्र अपील नाही म्हणून नोटीस बाजूला टाकणे ही मोठी चूक होईल. उत्तरात जे मुद्दे व जे कागद येतात, त्यांच्याच पायावर पुढचे अपील उभे राहते.

विश्लेषकाच्या अहवालाचेही असेच. तो आदेश नसल्याने त्यावर अपील नाही, परंतु त्याची स्वतःची एक मुदत आहे. अधिनियमाच्या कलम २५ प्रमाणे (आयुर्वेदीय औषधांस ते कलम ३३-ह अन्वये लागू होते) अहवालाची प्रत मिळाल्यापासून २८ दिवसांत, अहवाल खोडून काढणारा पुरावा देण्याचा आपला मानस लेखी कळवावा लागतो. तसे न केल्यास अहवालातील मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो. आदेश पक्व होण्याची वाट पाहता पाहता हे २८ दिवस निघून गेले, तर पुढील अपिलात हाती फारसे काही उरत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाच्या निर्णयाविरुद्ध ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ४१ खाली ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होते आणि रक्कम देण्याचा आदेश असल्यास त्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. नोंदणीसंबंधी शिस्तभंगाच्या निर्णयांसाठी राष्ट्रीय भारतीय वैद्यक पद्धती आयोग अधिनियम, २०२० मध्ये आचार व नोंदणी मंडळ आणि त्यावर आयोग, अशी अपिलाची रचना आहे.

६) वनोपज : जप्ती आणि सरकारजमा

आपल्या भागात सर्वांत जास्त गोंधळ या दोन शब्दांत होतो. जप्ती म्हणजे वनगुन्ह्याच्या संशयावरून माल व वाहन ताब्यात घेणे. ही तात्पुरती अवस्था आहे. माल वा वाहन सरकारजमा करणे म्हणजे मालकीच जाणे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये महाराष्ट्राने केलेल्या सुधारणेनुसार इमारती लाकूड, चंदन, जळाऊ लाकूड, कोळसा वा अधिसूचित वनोपज आणि त्यासोबतचे वाहन सरकारजमा करण्याचा अधिकार कलम ६१-अ खाली प्राधिकृत वनाधिकाऱ्यास आहे. त्यापूर्वी कलम ६१-ब प्रमाणे नोटीस व बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. जप्ती वा नोटीस यांवर अपील नाही. सरकारजमा करण्याचा आदेश मात्र पक्व आहे. तो कळविल्यापासून ३० दिवसांत कलम ६१-ड खाली, माल जेथे जप्त झाला तेथील सत्र न्यायाधीशांकडे अपील करावे लागते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, ही कार्यवाही दंडाधिकाऱ्यांपुढील खटल्याहून वेगळी आहे. ‘खटल्यात सुटलो की गाडी मिळेल’ या आशेवर बसल्यास ३० दिवस निघून जातात आणि आदेश कायम होतो. दुसरी, गाडी अडताच वाहतूक पास, खरेदीची पावती व ग्रामसभेचा कागद यांच्या प्रती अधिकाऱ्यास देऊन पोच घ्यावी. बेहडा, आवळा, बिब्बा वा गुळवेल कोठून, कोणाकडून घेतली, याचा कागद नोटिशीच्या टप्प्यावरच दाखल झाला पाहिजे.

कलम ६१-ड मध्ये सत्र न्यायाधीशांचा आदेश ‘अंतिम’ राहील व त्यास कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असे शब्द आहेत. ते वाचून पुष्कळजण थांबतात. परंतु संविधानाच्या अनुच्छेद २२६ व २२७ खालील उच्च न्यायालयाचा अधिकार साध्या कायद्याने काढून घेता येत नाही. एल. चंद्रकुमार (१९९७) निकालाने हे ठाम केले आहे. मात्र तेथे पुरावा नव्याने तोलला जात नाही. अधिकारक्षेत्राचा भंग, सुनावणी न देणे, उघड बेकायदेशीरपणा एवढेच सामान्यतः पाहिले जाते. अपील आणि रिट यांची व्याप्ती एक नव्हे.

७) ‘अंतिम’ शब्दाची मर्यादा : वनहक्क

आपणांस वनौषधी पुरविणारे बहुसंख्य संकलक वनहक्क अधिनियम, २००६ चे दावेदार आहेत. या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती, मुळे व कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून त्यांच्या दाव्याचा निकाल हा आपल्या कच्च्या मालाचाही प्रश्न आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेस २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गौण वनोपजाचा व्यवहार ग्रामसभेच्या हाती आल्यावर काय होऊ शकते, हे तेथे दिसले.

या कायद्यातील पायऱ्या अशा : ग्रामसभेच्या ठरावाने बाधित व्यक्तीने ६० दिवसांत उपविभागीय समितीकडे जावे, तिच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हास्तरीय समितीकडे. जिल्हास्तरीय समितीचा निर्णय ‘अंतिम व बंधनकारक’ असे कायदा म्हणतो. तथापि १८ मे २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीखालील अधिकार वापरून महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रांसाठी या तरतुदीत बदल केला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपिलाची वाट उघडली. कायद्यात अंतिम म्हटलेला निर्णय अनुसूचित क्षेत्रात अपीलयोग्य झाला. गाव अनुसूचित क्षेत्रात येते की नाही, हे म्हणूनच प्रथम तपासावे.

नाकारलेला दावा खरोखर अंतिम झाला की नाही, यावर किती माणसांचे जगणे अवलंबून असते, हे २०१९ मध्ये देशाने पाहिले. दावे नाकारले गेलेल्यांस वनजमिनीवरून हटविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारीस दिलेले निर्देश २८ फेब्रुवारीस त्याच न्यायालयाने स्थगित केले आणि दावे नाकारताना योग्य प्रक्रिया पाळली गेली का, याची माहिती राज्यांकडून मागविली. नकार कळविलाच नसेल, कारण दिलेच नसेल, तर त्या नकारास पक्व कसे म्हणावे? आपल्या ओळखीच्या संकलकास असा तोंडी नकार मिळाला असेल, तर लेखी, सकारण प्रत मागण्यास त्यास अवश्य सांगावे.

८) मुदत, नक्कल आणि स्थगिती

दिवाणी हुकूमनाम्याविरुद्ध जिल्हा न्यायालयात ३० दिवस व उच्च न्यायालयात ९० दिवस, ही मुदत अधिनियम, १९६३ मधील सर्वसाधारण मुदत. निकालाचा दिवस आणि प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ कलम १२ नुसार वगळला जातो. परंतु नकलेचा अर्ज केल्यापासूनचाच काळ वगळला जातो, म्हणून अर्ज निकालाच्याच दिवशी करावा. शासकीय आदेश टपालाने आल्यास लिफाफा जपून ठेवावा व प्राप्तीची तारीख आदेशावर लिहावी. विलंब माफीची तरतूद पुष्कळ ठिकाणी आहे, पण ती कृपा आहे, हक्क नव्हे आणि प्रत्येक दिवसाचे कारण द्यावे लागते.

अपील दाखल केल्याने आदेश आपोआप थांबत नाही. दिवाणी संहितेच्या आदेश ४१, नियम ५ मध्ये हे स्पष्टच म्हटले आहे. अपिलासोबत स्थगितीचा स्वतंत्र अर्ज हवा. परवाना रद्द झाल्यावर केवळ अपिलाच्या पोचपावतीवर उत्पादन चालू ठेवणे हा नवा गुन्हा ठरेल. उच्च न्यायालयाची स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते, असा २०१८ च्या एका निर्णयामुळे रूढ झालेला समजही आता सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो नियम रद्द केला आहे.

सारांश

आदेश हाती आल्यावर पाच प्रश्न क्रमाने विचारावेत. कोणत्या कलमाखाली हा आदेश झाला? याने माझा हक्क ठरला की केवळ पुढची पायरी ठरली? माझे म्हणणे मान्य झाले असते तर प्रकरण संपले असते का? पुढचा मार्ग अपील, पुनरीक्षण की निव्वळ हरकत, आणि त्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजावयाची? स्थगिती मागितली आहे का?

या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत मूळ आदेश, पाकीट, पोचपावत्या व दिलेल्या उत्तरांच्या प्रती एका फाईलमध्ये ठेवाव्यात आणि आठवडा उलटण्यापूर्वी वकिलांस भेटावे. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी अशा प्रकरणांत सभासदास पहिल्या आठवड्यातच नकलेचा अर्ज व वकिलांची भेट यांसाठी साहाय्य केले, तर कितीतरी परवाने व वाहने केवळ मुदतीपायी जाण्याचे टळेल.